बाबांचा हात आणि ग्राफिक्स कार्ड

आमच्या घरात बिघडलेली वस्तू आधी मार खायची आणि मग दुरुस्तीला जायची. टीव्हीला मुंग्या आल्या की डोक्यावर चापट, मिक्सर अडला की बुडाला गुद्दा, पाण्याची मोटर घरघरली की लाथ. हे सगळं बाबा करायचे. ते पाताळगंगेच्या बाजूला एका रसायनाच्या कारखान्यात फिटर होते, आणि तिथं म्हणे अडकलेला व्हॉल्व्ह हातोड्याच्या दोन घावांत सुटायचा. पंचवीस वर्षं व्हॉल्व्ह सोडवून त्यांचा पक्का समज झाला होता की जगात जे जे अडतं ते घावानेच सुटतं. त्यात मीही आलो आणि आईही आली.

माराबद्दल फार लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला ते पट्ट्याने मारायचे. सातवीत असताना एकदा पान्याने मारलं, त्याची खूण अजून कोपराजवळ आहे. आईला हाताने. कारण काहीही चालायचं: कालवणातलं मीठ, उशिरा उघडलेलं दार, तिने आपटा गावी राहणाऱ्या तिच्या भावाला केलेला फोन. आई ओरडायची नाही. उलट बाबांचा आवाज चढला की ती उठून आधी खिडकी लावून घ्यायची, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मार खाणारी बाई स्वतःच खिडकी लावते, हे बघून माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. शेजाऱ्यांना अर्थातच सगळं माहीत होतं. पनवेलच्या त्या जुन्या बिल्डिंगीत भिंती नावापुरत्याच होत्या.

२०१० च्या सुमाराची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो आणि घरच्या कॉम्प्युटरवर न बांधलेल्या इमारतींची चित्रं काढायचो. उलवे, करंजाडे, जिकडे बघावं तिकडे पत्रे ठोकून प्लॉट अडवलेले होते, आणि प्रत्येक पत्र्यावर हिरवळ, कारंजं आणि पोरांना खांद्यावर घेतलेले गोरे बाप असलेलं एक चित्र हवं असायचं. ते गोरे बाप मी चिकटवायचो. एका बिल्डरला माझं काम आवडलं. उलव्याच्या त्याच्या नव्या इमारतीचा वॉकथ्रू, म्हणजे गेटातून शिरून लिफ्टने वर जाऊन बाल्कनीत उभं राहेपर्यंतची तीन मिनिटांची फिल्म, दिवाळीच्या पाडव्याच्या बुकिंगला तयार पाहिजे होती. ती जमली तर त्याच्या ऑफिसात मला कायमची नोकरी मिळणार होती.

नोकरी मिळाली की मी करंजाड्याला भाड्याने घर घेणार होतो आणि आईला घेऊन तिथं राहणार होतो. बाबांनी आपले व्हॉल्व्ह बडवत एकटं राहावं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "गॅलरी असंल का रं घराला?" तिने यायचं ठरवलं आहे, असा मी त्याचा अर्थ घेतला, आणि त्या तीन मिनिटांच्या फिल्मवर जीव टाकला.

दिवाळीला पंधरा-वीस दिवस उरले असताना इमारतीच्या सातव्या मजल्यावर हिरवे चौकोन उगवले. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. इमारत जरा फिरवून बघायला गेलो तर स्क्रीनभर आडव्या रेघा पसरल्या, माउस जागच्या जागी गोठला आणि सगळं काळं झालं. कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा तो उभा डबा, मात्र आतून गुरगुरत होतं. बंद करून चालू केलं. वीस मिनिटं नीट चाललं, आणि पुन्हा तेच.

स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचं दुखणं हे फार नीच दुखणं आहे. कॉम्प्युटर मेला तर माणूस रडून मोकळा होतो. हे मरत नाही, फक्त ऐन वेळी तोंडात मारतं. मी कार्डाचा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून परत टाकला, जुना टाकला, त्याहून जुना टाकला. मॉनिटरची वायर बदलली. कार्ड उपटून त्याचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासले, कारण इंटरनेटवर चार अनोळखी माणसांनी तसं सांगितलं होतं. रॅमच्या पट्ट्या काढून घासून परत बसवल्या. मित्राकडून पॉवर सप्लाय मागून आणला आणि तो लावून बघितला. झाकण काढून, डबा आडवा करून कार्डावरच्या पंख्याकडे डोळे लावून बसलो, तर पंखा छान गरगर फिरत होता. स्वस्तातल्या कॅबिनेटच्या पत्र्याला सुरीसारखी धार असते. दोन्ही हातांची बोटं कापली, आत मदरबोर्डच्या कडेला माझं रक्त लागलं. घराला अर्थिंग नव्हतं, त्यामुळे ओल्या हाताने पत्र्याला शिवलं की झटका बसायचा. दरवेळी मी त्या डब्याला आईबहिणीवरून शिव्या घालायचो आणि दरवेळी तो वीस मिनिटं चालून पुन्हा माझ्या तोंडावर काळा व्हायचा.

बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे कॅबिनेट उचलून नेलं. त्याने ते चालू करून पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "दादा, कार्ड गेलंय तुमचं. खाडीची हवा आहे, चिप खराब होते. नवीन टाका, टेन्शन संपलं." नव्या कार्डाची तेव्हा माझी ऐपत नव्हती. मी त्याच्या काउंटरवर मूठ आपटून बाहेर पडलो. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

त्या संध्याकाळी बाबा घरी होते. कारखान्यातून त्यांना निवृत्तीच्या वयाआधीच मोकळं केलं होतं आणि आता दिवसभर ते घरातच असायचे, हेही त्या वर्षातलं एक संकटच होतं. माझी स्क्रीन काळी झाली आणि मी डोकं धरून बसलो. ते मागून आले, कॅबिनेटकडे पाहिलं आणि उजव्या हाताने त्याच्या डोक्यावर सणसणीत चपराक मारली. पत्रा दणाणला. मी रीसेट दाबलं आणि इमारत परत आली. त्या दिवशी ती पुढचे दीड तास गेली नाही.

"बघ," बाबा म्हणाले. "मार खाल्ल्याबिगर कोन सुदरत नाय. हाय का नाय?"

इतकी लाज मला पट्ट्याचा मार खातानाही वाटली नव्हती. आठवडाभर इंग्रजीत वाचून, बोटं कापून घेऊन मला जे जमलं नाही ते त्या माणसाने एका चपराकीत केलं होतं. स्वयंपाकघरात आई उभी होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचे चार दिवस मी तसंच केलं, हे कबूल करायला हवं. रेघा दिसायला लागल्या की मी हात उचलायचो आणि बाबांनी मारली होती अगदी त्याच जागी चपराक ठेवून द्यायचो. पहिल्या दोनदा काही झालं नाही, माझा हात भीत होता. तिसऱ्यांदा मी खरोखर मारलं, आणि चित्र सरळ झालं. तेव्हा मला जे वाटलं ते सुख होतं, दुसरा शब्द नाही. आपण कुणाला तरी मारतो आणि तो मुकाट्याने सुधारतो, यात काय गंमत आहे ती मला चोवीस वर्षांत पहिल्यांदा कळली. तळवा लाल व्हायचा आणि मी तो बघत बसायचो.

त्याच दिवसांत एकदा आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "जरा निज. डोळे बघ कसे झालेत." नेमकी त्याच क्षणी स्क्रीन गेली होती. मी तिच्या हातातला पेला हिसकावून भिंतीवर फेकला. तो तिच्या कानाजवळून गेला आणि चहा भिंतीवरून ओघळला. तिने फडकं आणून भिंत पुसली, पेल्याचा पोचा बघितला आणि पेला मांडणीत उलटा ठेवला. मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "लागला नाय." मला ते एवढंसं वाटलं की तासाभरात मी विसरूनही गेलो.

मित्राला चपराकीचं सांगितलं तेव्हा तो ओरडलाच. हार्ड डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरत असते, चालू मशीनला असा दणका दिलास तर तिच्यावर चरा पडेल आणि सगळं काम जाईल, म्हणाला. मी घाबरलो आणि मारणं बंद केलं. सगळं काम त्या एकाच डिस्कवर होतं. दुसरीकडे उतरवून ठेवायला हवं होतं, हे मला तेव्हाही समजत होतं, पण प्रत्येक दिवशी वाटायचं की आजचा दिवस जाऊ दे. बाबांना मी स्पष्ट सांगितलं, "याला आता हात लावायचा नाही. आत नाजूक भाग आहे." ते हसले. "नाजूक," ते म्हणाले, "तुझ्यासारका."

त्यानंतर मी इमारत हळूहळू फिरवत, मशीनला मधे मधे थंड होऊ देत फिल्म पुरी करत आणली. पाडव्याच्या आधीच्या रविवारी शेवटचा भाग तयार होत होता. दुपारचे दोन वाजले असतील. बाकी सगळं झालं होतं, फक्त बाल्कनीतून दिसणारी खाडी उरली होती. मी आंघोळीला गेलो. अंगावर दोन तांबे घेतले असतील, तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला. मग आणखी एक. मग आणखी एक, आधीच्यापेक्षा मोठा.

टॉवेल गुंडाळून मी बाहेर धावलो. बाबा कॅबिनेटपाशी उभे होते. स्क्रीन काळी होती आणि आतून टिक, टिक, टिक असा आवाज येत होता, एकसारखा. तो आवाज मेलेल्या हार्ड डिस्कचा, हे मला लगेच कळलं. बाबांना कळलं नाही. त्यांचा चेहरा चक्क खूश होता.

"बंद पडला व्हता," ते म्हणाले. "मी म्हटला तू न्हातोस, तुजा काम अडायला नको."

ते मदत करत होते. हे मला आज दिसतं. तेव्हा फक्त त्यांचा हात दिसला, अजून कॅबिनेटवर ठेवलेला. मी टेबलावरचा कीबोर्ड ओढला आणि त्यांच्या तोंडावर मारला. त्याच्या कळा उडून खोलीभर विखुरल्या. ते मागे कपाटावर आदळले. त्यांनी हात वर केला तो मारायला की स्वतःला वाचवायला, मला माहीत नाही. मी तो पिरगळला आणि त्यांना खाली पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि मोकळ्या तळव्याने मारत सुटलो. नाकातून रक्त आलं, तरी मारलं. ओठ फाटला, तरी मारलं. मी ओरडत होतो, "बिगडलं का आता? बिगडलं का? सुदार! सुदार!" माझ्या तोंडून त्यांचीच बोली येत होती. साठीला टेकलेला तो माणूस माझ्याखाली हलका लागत होता, आणि तो हलका लागतो याचा राग येऊन मी आणखी मारत होतो.

मी थांबलो ते एका आवाजाने. आई उठली होती आणि तिने खिडकी लावून घेतली होती.

बाबांचं मनगट मोडलं होतं. रिक्षात मी पुढे बसलो, मागे आई त्यांच्या नाकाला पदर लावून बसली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली, "मोरीत पाय सरकला." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझे तळवे सुजून लाल झाले होते. मी हात खिशात घातले. माझं नाव बाबांनी घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क काढायला मी कॅबिनेट उघडलं. आता घाई नव्हती. कार्डही काढलं आणि खिडकीशी नेऊन उन्हात उलटंपालटं करून पाहिलं. पंख्याचं पातं आणि त्याची चौकट यांच्या फटीत तांदळाचा एक दाणा बसला होता, कुंकवाने लाल झालेला. पातं बोटाने फिरवलं की दाण्याला अडायचं. कार्ड जरा हलवलं की तो फटीत सरकायचा आणि पंखा सुटायचा. म्हणजे मी उघडून आडवं केलं की पंखा फिरायचा, उभं करून बंद केलं की काही वेळाने अडायचा, आणि वरून दणका बसला की पुन्हा सुटायचा. कार्ड चांगलं होतं. फक्त तापत होतं.

दाणा कुठून आला तेही आठवलं. आमच्याकडे दसऱ्याला बाबा आपले पाने, पक्कड, हातोडे तेल लावून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. कारखाना सुटला तरी त्या वर्षीही केली होती. मला म्हणाले होते, तुजा हत्यार तू पूज. मी आदल्या दिवशी कॅबिनेट आतून ब्रशने झाडलं होतं. ते तसंच उघडं पाटावर आडवं ठेवलं, हळद-कुंकू लावलं, आणि या असल्या गोष्टींची मला चीड असल्यामुळे मूठभर ओल्या अक्षता रागारागाने वरून फेकल्या, उरकून टाकायचं म्हणून. आत पडलेल्या बऱ्याचशा नंतर वेचल्या. एक राहिली.

मी जमिनीवर बसून हसलो आणि मग फार रडलो. पंधरा दिवस ज्या डब्याला मी शिव्या घालत होतो, मारत होतो त्याला मीच आजारी पाडलं होतं. डिस्क माझ्या चपराकींनी खिळखिळी झाली की बाबांच्या शेवटच्या तीन दणक्यांनी गेली, हे कुणीच सांगू शकत नाही. मी ते बाबांवर टाकून मोकळा झालो होतो, कारण ते समोर उभे होते. मला त्यांची माफी मागायची होती. मी त्यांच्या खाटेपर्यंत गेलोही, पण त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि मी परत आलो. मला चीड आली ती माझीच.

डिस्कवरचं काहीच वाचलं नाही. पाडव्याला बिल्डरने दुसऱ्याच कुणाकडून करून घेतलेलं चित्र लावलं आणि माझा फोन घेणं बंद केलं. मला नोकरी लागली ती पुढच्या पावसाळ्यानंतर, बेलापूरच्या एका ऑफिसात. करंजाड्याला खोलीही मिळाली, गॅलरीसकट. तोवर बाबांच्या हाताचं प्लास्टर निघून बरेच महिने झाले होते. माझ्या वाटेला ते आता जात नसत. मी खोलीत आलो की टीव्ही बारीक करत. पण आईच्या गालावर मला पुन्हा एकदा वळ दिसला होता, आणि खिडकी दुपारची बंद दिसली होती.

खोलीची किल्ली घेऊन मी तिला न्यायला आलो तेव्हा बाबा बाहेर गेले होते. ती जमिनीवर कागद पसरून सुकट निवडत होती.

"चल," मी म्हटलं. "दोन साड्या घे, बाकीचं मी नंतर आणतो."

"तू जा," ती म्हणाली. "मी नाय येत."

"का? परत मारलं ना त्यांनी तुला?"

"मारला."

"मग इथं कशाला मरतेस? काय ठेवलंय इथं?" माझा आवाज चढला होता. मी दाराच्या चौकटीवर तळहात आपटला.

ती बसल्या जागी मागे सरकली. सुकटीचा कागद तिने दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घेतला आणि मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"त्यांचा हात कवा उठतो ते मला पाठ हाय," ती म्हणाली. "जेवताना कसे गप व्हतात, चप्पल कशी काडतात, सगळा कळतो. मी बाजूला व्हते. तुजा मला अजून कळत नाय."